अर्धवट सोडलेला शहजादा

या लेखात 'मी' कुठे येणार नाही. ज्या खेळाविषयी लिहायचं आहे, तो आम्ही नवरा-बायकोने एकेकट्याने कधी खेळलाच नाही. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याच्या हातात माउस, अशी आमच्या घरची वाटणी. शहजाद्याला पळवायचं, भिंतीवरून उड्या मारायला लावायचं काम कीबोर्डवाल्याचं. कुठे बघायचं आणि तलवार केव्हा चालवायची, ते माउसवाल्याचं. शहजादा दरीत पडला की चूक कोणाची यावर भांडण ठरलेलं. आमच्यापैकी एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरा एका कंपनीत हिशेब लिहितो. वय दोघांचंही चाळिशी ओलांडलेलं. या वयात कॉम्प्युटर गेमवर लेख लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण घरात जे घडलं ते या खेळाशिवाय सांगता येणार नाही.

खेळाचं नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. म्हणजे इराणचा राजपुत्र. आमच्या अम्मी त्याला पहिल्या दिवसापासून शहजादाच म्हणतात.

आमची त्याच्याशी ओळख लग्नाआधीची, आणि वेगवेगळी. नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांचं लक्ष नसलं की मुलं हाच खेळ लावायची. पांढऱ्या कपड्यातला छोटा शहजादा, तळघरातली कोठडी, जमिनीतून वर येणारे भाले आणि शहजादीला सोडवायला साठ मिनिटं. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली बनवला. आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून शहजाद्याची प्रत्येक हालचाल रेखाटली. म्हणून तो शहजादा बाहुल्यासारखा नाही, माणसासारखा धावायचा.

त्यातली एक गोष्ट आम्हा दोघांनाही शाळकरी वयापासून लक्षात राहिली होती. वाटेत एक आरसा येतो. शहजादा त्यातून उडी मारून पलीकडे जातो, तेव्हा त्याची सावली वेगळी होऊन पळून जाते. पुढे तीच सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की जखम आपल्यालाच होते. तिला मारता येतच नाही. तलवार म्यान करून सरळ तिच्याकडे चालत जायचं, मग दोघे पुन्हा एक होतात. क्लासमधल्या कितीतरी मुलांचे कितीतरी दिवस हे कोडं सुटण्यात गेले.

२००३ साली आमचा निकाह झाला. नौपाड्यात, घंटाळीच्या बाजूला जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, सोबत अम्मी. लग्नानंतर पहिली मोठी खरेदी म्हणजे हप्त्यांवर घेतलेला कॉम्प्युटर. त्याच वर्षाच्या अखेरीस शहजाद्याचा नवा अवतार आला होता, 'द सँड्स ऑफ टाइम'. आम्ही तो काही महिन्यांनी आणला. सीडी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरची होती, हेही कबूल करतो.

हा खेळ हिंदुस्थानात सुरू होतो. शहजादा वडिलांच्या फौजेबरोबर एका महाराजाच्या महालावर चालून येतो आणि लुटीत एक खंजीर पटकावतो. त्या खंजिरात काळाची रेती आहे. मुठीवरची कळ दाबली की गेलेले काही क्षण मागे येतात. दरीत पडलेला शहजादा उलटा वर येतो, लागलेला वार परत जातो. पण दगाबाज वजिराच्या बोलण्यात येऊन, आणि स्वतःच्या घमेंडीत, तो रेतीचं मोठं घड्याळ उघडतो. सगळा महाल, स्वतःचे वडीलसुद्धा, रेतीची भुतं होऊन जातात. उरतात तिघे: शहजादा, वजीर आणि महाराजाची कैद झालेली मुलगी फराह. ती तिरंदाज. तिचा एखादा बाण चुकून शहजाद्यालाच लागायचा, मग तो कुरकुर करायचा आणि ती उलट उत्तर द्यायची. लग्नाचं पहिलं वर्ष चालू असलेल्या जोडप्याला हे बघताना किती हसू यायचं, हे वाचकांनी समजून घ्यावं.

अम्मी इशाच्या नमाजनंतर तस्बीह घेऊन पलंगावर बसायच्या आणि विचारायच्या, "आज शहजादा कुठवर पोचला?" लहानपणी त्यांनी त्यांच्या नानांकडून अमीर हमजाची दास्तान ऐकलेली. जादूचे महाल, दगड झालेली माणसं, अमर अय्यारची सगळं जग मावणारी झोळी, हे सारं त्यांच्या ओळखीचं होतं. खेळात शहजादा मेला की गोष्ट सांगणारा आवाज आपलंच सांगणं चुकलं असं म्हणतो आणि गोष्ट मागे घेतो, कारण पूर्ण खेळ ही त्याने फराहला सांगितलेली कहाणी असते. हे कळल्यावर अम्मी खूश झाल्या. "दास्तानगोसुद्धा असंच करायचा," म्हणाल्या.

शेवटी शहजादा सगळा काळ उलटा फिरवतो. घड्याळ कधी उघडलंच नाही असं होतं. वडील जिवंत, महाल शाबूत. फक्त फराहला काही आठवत नाही. तिच्या लेखी तो परका. अम्मींनी त्या रात्री एवढंच म्हटलं, "मुफ्त काही मिळत नाही."

२००४ च्या अखेरीस दुसरा भाग आला, 'वॉरियर विदिन'. आमच्या हाती पडेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. किती वाट पाहिली होती! आणि पहिल्या अर्ध्या तासात मन खट्टू झालं.

काय आवडलं नाही, ते ओळीने सांगतो. पहिलं म्हणजे शहजाद्याची जबान. पहिल्या भागात तो गर्विष्ठ होता पण खानदानी होता, स्वतःवर हसायचा. इथे तो गुरगुरतो, शिव्या देतो. आवाजही बदललेला; युरी लोवेन्थालच्या जागी दुसरा कलाकार. दुसरं, फराह गायब, आणि तिच्या जागी ज्या बायका आल्या त्यांच्या अंगावर कपडे कमी आणि कॅमेऱ्याची नजर वाईट. तिसरं, रक्त. पहिल्या भागात शत्रू रेती होऊन विरून जायचे. इथे मुंडकी उडतात. चौथं, संगीत. पूर्वेकडच्या वाद्यांचा तो गोड मेळ गेला आणि कर्कश गिटारी आल्या. गॉडस्मॅक या रॉक बँडची गाणीसुद्धा घातली होती. पाचवं, रंग. सोनेरी महालाच्या जागी करडं, ओलसर बेट. पुढे वाचलं, की खुद्द मेक्नर या भागात नव्हता आणि त्यालाही त्यातली हिंसा आणि एकूण धाटणी पसंत पडली नव्हती. तेव्हा आमच्या नापसंतीवर मोहरच उमटली.

अम्मींनी एक संध्याकाळ पाहिलं आणि पलंगावरून उठल्या. "हा आपला शहजादा नव्हे." आम्ही दोन-चार दिवस आवाज बंद करून, दार लोटून खेळलो. मग आमचीच आम्हाला शरम वाटली. साधारण निम्म्यावर खेळ सोडून दिला.

२००५ च्या अखेरीस तिसरा भाग आला, 'द टू थ्रोन्स'. जुना आवाज परत आला, फराह परत आली, बाबिलोनचं ऊन परत आलं. आम्ही तो आनंदाने संपवला आणि ठरवून टाकलं, की पहिला आणि तिसरा हेच खरे भाग, मधला विसरायचा. उर्दू वाचणाऱ्यांना अशी भांडणं नवी नाहीत. लखनौच्या मुन्शी नवल किशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा' निघाली, तेव्हा पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. जाह चांगले की कमर, हा वाद शौकीन आजही घालतात. फरक इतकाच, की ते दोघांचे खंड वाचून वाद घालतात. आम्ही वीस वर्षं निकाल देत राहिलो तो अर्ध्या खेळावर.

आता आमच्या मुलाकडे येतो.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली, की 'द सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनणार आणि तो बनवणार युबिसॉफ्ट कंपनीचे पुण्याचे आणि मुंबईचे स्टुडिओ. ठाण्यात बसून आम्हाला कोण अभिमान वाटला! ज्या महालापासून गोष्ट सुरू होते, तो आता आपल्याकडच्या हातांनी उभा राहणार. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, शाळा मोबाइलवर चालू होती. आम्ही माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला आणि त्याला मूळ खेळ दाखवला. कीबोर्ड त्याच्याकडे, माउस आळीपाळीने आमच्याकडे. नव्या खेळाचं मात्र बिनसलं. पहिली झलक लोकांना आवडली नाही, जानेवारी २०२१ ची तारीख टळली, आणि मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईहून काढून कॅनडातल्या माँट्रियलला नेलं गेलं. वाईट वाटलं. मुलगा म्हणाला, "जुना आहे ना आपल्याकडे!"

जुन्या सीड्यांच्या डब्यात दुसरा भागही होता, हे आमच्या लक्षात नव्हतं.

तो दहावीत होता. पूर्वपरीक्षेत गणित आणि विज्ञान दोन्हीत मार्क घसरले. त्याच संध्याकाळी आम्ही घरी आलो तर पडद्यावर तेच करडं बेट, तेच रक्त, त्याच बायका. डब्यावर सतराच्या वरच्यांसाठी असं छापलेलं, हा पंधरा वर्षांचा. पुढचं आमच्याच हातून घडलं. एकाने सीड्या मोडल्या. एकाने गेम काढून टाकला, आणि त्याने साठवून ठेवलेल्या खेळाच्या फाइलीही पुसून टाकल्या. तो फक्त म्हणाला, "अब्बा, फाइल राहू द्या. अम्मी, प्लीज." आम्ही ऐकलं नाही. उलट त्याच्या दादींसमोर त्याला असं काही बोललो, जे इथे लिहवत नाही.

तो रडला नाही, भांडला नाही. अभ्यासाला बसला. दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला. लोक म्हणाले, शिस्त लावलीत, बरं केलंत. पण त्या दिवसानंतर त्याने आमच्यासमोर खेळाचं नाव काढलं नाही, आणि हळूहळू इतर गोष्टींचंही. विचारलं तर उत्तर मिळायचं. आपण होऊन काही यायचं नाही. एका घरात तीन माणसं आणि एक शांत पाहुणा, असं वर्ष गेलं.

२०२५ च्या रमजानपूर्वी घराची सफाई काढली. त्याच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात एक शंभर पानी वही निघाली. आत नकाशे. पेन्सिलने आखलेली दालनं, पूल, कारंजी, पाण्याचे पडदे. प्रत्येक पानावर दोन नकाशे शेजारी शेजारी, एकावर 'भूतकाळ', दुसऱ्यावर 'वर्तमान'. दुसऱ्या भागात एकाच किल्ल्यातून दोन काळांत फिरायचं असतं: आज जिथे पडकी भिंत, तिथे तेव्हा हिरवी बाग. शेवटच्या पानावर नऊ चौकोन होते. आठांमध्ये बरोबरची खूण.

त्या नऊ चौकोनांचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता, कारण आम्ही तिथवर खेळलोच नव्हतो. शोधल्यावर कळलं. बेटावर नऊ गुप्त जागी आयुष्य वाढवणारी शक्ती दडवलेली आहे. प्रत्येकीपर्यंत पोचायला करवती आणि भाल्यांनी भरलेला बोळ ओलांडावा लागतो. नऊच्या नऊ मिळाल्या तरच पाण्याची तलवार हाती येते आणि खेळाचा खरा शेवट उघडतो. आमच्या मुलाने कोणाला न विचारता, स्वतः नकाशे काढून आठ शोधल्या होत्या. त्या संध्याकाळी आम्ही काय पुसलं, ते तेव्हा कळलं. वर्गात मुलांच्या वहीत लाल शाईने 'प्रयत्न चांगला' असं रोज लिहिणारं माणूस या घरात राहतं.

शहजाद्यासारखा खंजीर आमच्याकडे नव्हता. तरावीहहून तो परत आला तेव्हा वही समोर ठेवली आणि म्हटलं, "आमचं चुकलं. खेळ वयाचा नव्हता, हे आजही म्हणू. पण फाइल पुसायला नको होती, आणि दादींसमोर तसं बोलायला तर नकोच होतं." तो म्हणाला, "ठीक आहे." एवढंच. माफी मागितली की लगेच गळाभेट होते, असं गोष्टींमध्ये असतं.

मे महिन्यात त्याला सतरा पूर्ण झाली. आम्ही तो खेळ या वेळी ऑनलाइन, पैसे मोजून घेतला आणि विचारलं, "पहिल्यापासून खेळायचा? कीबोर्ड तुझा." तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढली.

रोज रात्री तासभर. नावडतं होतं ते आजही नावडतंच राहिलं. त्या बायकांचे पोशाख आले की तो स्वतःच कॅमेरा भलतीकडे फिरवायचा, आणि शहजाद्याच्या शिव्यांवर आम्ही तिघेही हसायचो. पण निम्म्याच्या पुढे गेलो आणि वीस वर्षांचं मत हलू लागलं.

शहजाद्याच्या मागे दहाका नावाचा काळाचा पहारेकरी लागलेला असतो. नाव ओळखीचं वाटलं; शाहनाम्यातला जह्हाक म्हणजे अवेस्तातला अझी दहाक. का लागला? कारण पहिल्या भागात शहजाद्याने काळ उलटा फिरवला. ज्या शेवटावर आम्ही खूश होतो, त्याचा हिशेब मागायला तो आला आहे. शहजादा गुरगुरतो, कारण वर्षानुवर्षं पळतोय, झोपलेला नाही. हे आम्हाला तेव्हा दिसलंच नव्हतं. आम्हाला फक्त त्याची जबान ऐकू आली होती. मग तो ठरवतो, की भूतकाळात जाऊन रेती जन्मालाच येऊ द्यायची नाही. त्यासाठी काळाच्या मलिकेला, कैलीनाला, मारतो. आणि तिच्या मरण्यातूनच रेती जन्माला येते. जे टाळायला गेला, ते त्याच्याच हातून घडतं.

या जागी मुलाने खेळ थांबवला. "मी त्या वेळी इथवर आलो होतो," तो म्हणाला. "तुम्हाला सांगायचं होतं, हा भाग वाईट नाहीये म्हणून. त्याची चूक आहे हे त्याला इथे कळतं."

आम्ही गप्प बसलो. मुलगा बिघडू नये म्हणून फाइल पुसली, आणि ज्याची भीती होती ते दुरावणं आमच्याच हातून ओढवून घेतलं होतं.

पुढे शहजाद्याला एक मुखवटा सापडतो. तो चढवला की तो रेतीचं भूत होतो आणि गेलेल्या वेळेत पुन्हा वावरू शकतो. पण अंगातलं बळ सतत झिजत राहतं. तेव्हा उमगतं, की सुरुवातीपासून जे काळं भूत त्याच्या वाटेत डोकावत होतं, ते तो स्वतःच होता. १९८९ च्या आरशातली सावली पुन्हा समोर उभी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा भाग परका नव्हता. त्याच घराण्याचा होता, जरा जास्त जखमी.

नववी शक्ती मिळवायला चार रात्री लागल्या. शेवटचा बोळ ओलांडताना माउस आमच्याकडे होता आणि कॅमेरा चुकीचा फिरल्याने शहजादा दोनदा मेला. "अम्मी, तुमची चूक," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आमच्याशी भांडला. इतकं गोड भांडण आम्ही ऐकलं नव्हतं. पाण्याची तलवार मिळाली. दहाकाला पाणी सोसत नाही. शहजादा मलिकेला मारण्याऐवजी तिच्या बाजूने उभा राहून त्याच्याशी लढतो, आणि दोघे बाबिलोनकडे निघतात. तिथे शहर जळताना दिसतं. इथेही मुफ्त काही मिळत नाही.

वाचकहो, मुलांच्या हाती काहीही द्या, असं आमचं म्हणणं नाही. डब्यावरचं वय वाचा. आम्ही ते वाचायला विसरलो होतो, ती आमची पहिली चूक. खेळ नको असेल तर नको म्हणा, बंद करा. पण मुलाने मेहनतीने जमवलेलं पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, हे काय आहे, कुठवर आलास. आणि जे आपण स्वतः अर्ध्यावर सोडलं, त्यावर पूर्ण निकाल देऊ नका, मग तो खेळ असो की पोरगा.

ती वही आता कॉम्प्युटरशेजारी असते. नवव्या चौकोनात त्याने खूण केलेली नाही. म्हणतो, ती फाइल वेगळी होती. ते त्याचं बरोबर आहे, आम्ही आग्रह केला नाही.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहेत, दिसतं कमी. ईदनंतरच्या एका रात्री नातवाने त्यांच्या पलंगावर बसून दुसऱ्या भागाची पूर्ण गोष्ट त्यांना सांगितली, शिव्या वगळून. त्यांनी तस्बीह थांबवून ऐकली. मधे एकदा विचारलं, "म्हणजे तो आपलाच शहजादा होता?"

"हो दादी," तो म्हणाला. "तुम्ही लवकर उठलात."